खायच्या सोड्याचा ज्वालामुखी : एका लोकप्रिय प्रतिकृतीची समीक्षा

शालेय विज्ञान प्रदर्शनात काही प्रतिकृती दरवर्षी हमखास भेटतात. पवनचक्की असते, ठिबक सिंचन असते, पावसाच्या पाण्याचे संकलन असते आणि एका टेबलावर ज्वालामुखी असतो. शाडूचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या शेंड्यात खुपसलेली छोटी बाटली, बाटलीत खायचा सोडा आणि लाल रंग. परीक्षक जवळ आले की विद्यार्थी वरून व्हिनेगर ओततो, लाल फेस फसफसून उतारावरून ओघळतो आणि भोवतीची मुले टाळ्या वाजवतात. पुस्तकाची, चित्रपटाची किंवा नाटकाची समीक्षा होते, मग शाळाशाळांतून हजारो मुलांच्या हातून तयार होणाऱ्या या प्रतिकृतीची का होऊ नये? विज्ञानाच्या शिक्षणात प्रतिकृतीचे काम पुस्तकातल्या उताऱ्याइतकेच मोलाचे असते. उतारा विसरला जातो, टाळ्या मिळवून गेलेली प्रतिकृती मात्र आयुष्यभर लक्षात राहते. म्हणूनच ती काय सांगते आणि काय चुकीचे सांगते, हे तपासायला हवे.

ही तपासणी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या शाळांच्या संदर्भात करण्यामागे एक कारण आहे. इथली प्रत्येक शाळा लाव्हाच्या थरांवर उभी आहे. वर्गाच्या खिडकीतून दिसणारा डोंगर लाव्हाचा, शाळेच्या पायात घातलेला दगड लाव्हाचा आणि रस्त्यावर पसरलेली खडीही लाव्हाचीच. असे असताना इथला विद्यार्थी ज्वालामुखी म्हणून जी वस्तू करतो, तिचा त्याच्या पायाखालच्या जमिनीशी जवळजवळ काही संबंध नसतो.

प्रतिकृतीची बलस्थाने

आधी चांगले काय ते पाहू. ही प्रतिकृती स्वस्त आहे, तिचे साहित्य स्वयंपाकघरात मिळते, ती मुलांच्या हातून होते आणि तिच्यात निरुपद्रवी आनंद आहे. आम्ल आणि बायकार्बोनेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, हा रसायनशास्त्राचा पाठ ती उत्तम शिकवते. म्हणजे रसायनशास्त्राच्या टेबलावर ती खरी आहे. अडचण येते ती शंकूवर 'ज्वालामुखी' अशी पाटी लागल्यावर.

याच नावाची दुसरी एक 'प्रतिकृती' काही प्रयोगशाळांतून दाखवली जात असे, तिचा उल्लेख मात्र निषेधाच्याच सुरात करायला हवा. नारिंगी रंगाच्या अमोनियम डायक्रोमेटचा ढीग पेटवला की ठिणग्या उडतात आणि हिरवी राख वर उसळते. दृश्य नेत्रदीपक असते. परंतु डायक्रोमेटमधील क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे, आणि त्याची धूळ श्वासावाटे आत जाणे धोक्याचे आहे. रसायनांच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात असा पदार्थ सहज हाती पडू शकतो. तो मिळाला तरी हा प्रयोग शाळेत करू नये, मुलांना तर करू देऊच नये.

आक्षेप पहिला : उष्णता कुठे आहे?

सोड्याच्या ज्वालामुखीत मुळीच उष्णता नाही. उलट, सोडा आणि व्हिनेगर यांचे मिश्रण थंड होते. पेल्यात व्हिनेगर घ्या, त्यात तापमापी ठेवा आणि सोडा घाला. पारा काही अंशांनी खाली उतरलेला दिसेल. ज्वालामुखीची म्हणून जी प्रतिकृती आपण दाखवतो, ती ज्वालामुखीच्या सर्वांत मूलभूत गुणधर्माच्या नेमकी उलट वागते. बेसाल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. हा तापमापीचा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने जरूर करावा. एखाद्या प्रतिकृतीची मर्यादा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळणे, हाही विज्ञानाचाच धडा आहे.

आक्षेप दुसरा : वायू कुठून येतो?

दोन पदार्थ एकमेकांत मिसळले म्हणून ज्वालामुखी उसळतो, असा समज ही प्रतिकृती करून देते. प्रत्यक्षात जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू खोलवरच्या प्रचंड दाबामुळे विरघळलेले असतात. शिलारस वर येऊ लागला की दाब कमी होतो, वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटे होतात, फुगतात आणि शिलारसाला आणखी वर ढकलतात. येथे नवे काही मिसळावे लागत नाही, नुसता दाब कमी झाला की पुरते.

याचे खरे उदाहरण हवे असेल तर ते गोळी-सोड्याच्या बाटलीत आहे. गोळी आत दाबेपर्यंत बाटलीतले पाणी शांत दिसते. गोळी खाली गेली की दाब उतरतो आणि आतापर्यंत न दिसणारा वायू सगळीकडून एकदम सुटतो. बाटली आधी हलवलेली असेल तर निम्मा सोडा बाहेर. शंकू नाही, लाल रंग नाही, पण ज्वालामुखीचे अंतरंग या बाटलीत अधिक प्रामाणिकपणे दिसते.

पुढचा प्रश्न असा, की काही ज्वालामुखी शांतपणे वाहतात आणि काही स्फोटासारखे फुटतात, ते का? उत्तर स्वयंपाकघरातच आहे. पातळ सार उकळते तेव्हा बुडबुडे अलगद वर येऊन फुटतात. घट्ट पिठले रटरटते तेव्हा बुडबुडा आत अडकतो, फुगतो आणि फुटताना हातावर चटका देणारे शिंतोडे उडवतो. सिलिका कमी असलेला बेसाल्टचा लाव्हा साराच्या जातीचा, तर सिलिका जास्त असलेला लाव्हा पिठल्याच्या जातीचा. सोड्याचा फेस या दोन्हींत बसत नाही.

आक्षेप तिसरा : प्रत्येक ज्वालामुखी डोंगर नसतो

हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यामुळे आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान होते. इयत्ता नववीच्या भूगोलात ज्वालामुखीचे केंद्रीय आणि भेगीय असे दोन प्रकार शिकवले जातात, आणि दख्खनचे पठार भेगीय उद्रेकांतून झाले असेही सांगितले जाते. म्हणजे पुस्तक बरोबर आहे. पण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या मनात उरतो तो प्रदर्शनातला शंकू. मग मलंगगडाचा उंच सुळका दाखवून मुले विचारतात, "सर, हा विझलेला ज्वालामुखी ना?" शंकूचा आकार म्हणजे ज्वालामुखी, हे समीकरण आपणच त्यांना शिकवलेले असते.

मलंगगड ज्वालामुखीचा शंकू नाही. पुरावा लांब शोधायची गरज नाही. पावसाळा संपल्यावर स्वच्छ हवेत अंबरनाथ किंवा बदलापूरहून दक्षिणेकडे पाहा. माथेरानपासून पेब, चंदेरी करत मलंगगडापर्यंत गेलेली डोंगररांग दिसेल. तिच्या कड्यांवर आडव्या रेषा आहेत, एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारख्या. ज्वालामुखीच्या शंकूत थर शेंड्यापासून चहूबाजूंना उतरते असतात, छत्रीच्या कापडासारखे. येथे ते जवळजवळ आडवे आहेत, चवडीने ठेवलेल्या वह्यांसारखे. म्हणजे हे सारे डोंगर एकेकाळी एकाच सलग पठाराचे भाग होते. उल्हास नदीने, तिच्या उपनद्यांनी आणि लक्षावधी पावसाळ्यांनी मधला भाग कापून नेला. जे उरले ते माथेरान, चंदेरी आणि मलंगगड. सुळका वर आला नाही, त्याच्या भोवतीची जमीन खाली गेली. दख्खनच्या या खडकांना 'ट्रॅप' हे नाव मिळाले तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

थर आडवेच असतील असे मात्र नाही. कल्याणकडून मुंबईला जाताना मुंब्र्याजवळचा पारसिकचा डोंगर पाहावा. पनवेल-कल्याणच्या पट्ट्यापासून समुद्राकडे हे थर पश्चिमेला कललेले आहेत. लोकलच्या एकाच प्रवासात आडवे थर आणि कललेले थर दोन्ही दिसतात, आणि त्याला तिकिटापलीकडे खर्च नाही.

हे थर साचले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा निघाला आणि सपाट प्रदेशावर पसरला. तो थंड झाल्यावर काही काळ गेला, वर माती तयार झाली, आणि पुन्हा नवा लाव्हा आला. दोन थरांमधली ती जुनी माती आजही लाल पट्ट्याच्या रूपात रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत कधीकधी दिसते. हे शेकडो वेळा घडले. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या आसपास भरते, आणि आज उरलेला विस्तारही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. भेगांतून वर येता येता वाटेतच थिजलेला शिलारस उभ्या भिंतीसारखा राहतो. त्याला डाइक म्हणतात, आणि कल्याण-मुरबाडच्या बाजूला असे डाइक आढळतात.

उलट चूकही तितकीच होते. शेंडा दिसला की ज्वालामुखी, तसा खोल गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीचे मुख. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अनेक वर्षे ज्वालामुखीचे विवर समजले जाई. ते बेसाल्टमध्येच आहे, पण झाले आहे उल्केच्या आघाताने. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याचे झरे पाहूनही 'खाली ज्वालामुखी जागा आहे' असे सांगितले जाते. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. भेगांतून खोलवर उतरलेले पाणी तापून पुन्हा वर येते, त्यासाठी तिथे शिलारस असण्याची गरज नाही.

जिवंत भेगा पाहायच्या तर

आपल्या खडकांचे जिवंत नातेवाईक आजही पाहता येतात. हवाई बेटांवरील ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान १९१६ मध्ये स्थापन झाले. त्यातला किलाउआ हा जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक. त्याचा लाव्हा आपल्यासारखाच बेसाल्टचा आणि पातळ. म्हणून त्याचा आकारही उभ्या शंकूसारखा नाही, तर उपड्या ठेवलेल्या पसरट ताटासारखा आहे. प्रदर्शनातला शंकू घेऊन तिथे गेलेल्या मुलाला, आपण ज्वालामुखीवर उभे आहोत हे पटणारसुद्धा नाही.

या उद्यानात किलाउआ इकी नावाचे विवर आहे. १९५९ च्या उद्रेकात त्यात १०० मीटरहून अधिक खोल लाव्हाचे तळे साचले. वरची साय लवकर धरली, परंतु तळे आतपर्यंत घट्ट व्हायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. आज त्या सायीवरून प्रवाशांची पायवाट जाते. आपल्या काळ्या दगडाचा एकेक जाड थर थंड व्हायला किती काळ लागला असेल, याची कल्पना या एका उदाहरणावरून यावी.

याच किलाउआने २०१८ मध्ये भेगीय उद्रेक म्हणजे काय हे दाखवून दिले. उद्यानाबाहेर काही मैलांवर असलेल्या एका वसाहतीत, घरांच्या अंगणांतून आणि डांबरी रस्त्यांमधून, २४ भेगा एकामागून एक उघडल्या. सुमारे ७०० घरे लाव्हाखाली गेली. घरे गिळणारा लाव्हा डोंगराच्या शेंड्यातून आला नाही, गल्ली फाटली. आइसलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे गाव याच कारणाने रिकामे करावे लागले. आणि १७८३ मध्ये आइसलँडच्याच लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत होती. तिच्या विषारी वायूंनी गवत आणि जनावरे गेली, आणि पुढच्या दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसे मेली. लाकी आपल्या दख्खनपुढे अगदीच लहान. त्या तुलनेतून मुलांना आपल्या खडकांचा आवाका कळतो.

भारतातला एकमेव सक्रिय ज्वालामुखी म्हणजे अंदमान समुद्रातले बॅरन बेट. जवळजवळ दीडशे वर्षांच्या शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला. बेट निर्जन आहे. प्रवाशांना तिथे उतरता येत नाही, जहाजातूनच पाहावे लागते. आणि तेच योग्य आहे.

आक्षेप चौथा : धोका कशाचा?

प्रतिकृतीत ज्वालामुखीचा धोका म्हणजे उतारावरून ओघळणारा लाल लाव्हा. त्यामुळे 'लाव्हा दिसला की बाजूला व्हायचे' एवढीच सावधगिरी मुले शिकतात. वस्तुस्थिती पाहा. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंड बेटावर ४७ माणसे सहलीला वगैरे आलेली होती. उद्रेक झाला आणि त्यांतली २२ दगावली. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानमधील ओंताके डोंगरावर शरद ऋतूतली रंगीत पाने पाहायला आलेल्या ६३ जणांचा मृत्यू झाला किंवा ते बेपत्ता झाले. दोन्ही ठिकाणी लाव्हाचा एक ओहोळही वाहिला नव्हता. जमिनीखाली कोंडलेले, शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी दाब सुटताच एकदम वाफ झाले आणि त्याने दगड, राख व उष्ण वायू उडवले. झाकण एकाएकी उघडलेल्या प्रेशर कुकरची गोष्ट आपल्या घरातही सांगितली जाते. तिचा संबंध ज्वालामुखीशी जोडून द्यायला हवा. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे परदेशात जातील, अशा ठिकाणी सहलीला जातील. पाटीवर 'पुढे जाऊ नये' असे लिहिलेले असेल तेव्हा 'लाव्हा तर कुठेच दिसत नाही' असे म्हणून ते पुढे जाणार नाहीत, एवढे तरी शिक्षण शाळेने द्यायला हवे.

मग काय करावे?

समीक्षेने केवळ उणे दाखवून थांबू नये. शाडूच्याच प्रतिकृतीला थोडे वळण दिले तर ती आपल्या मातीतली होईल.

एका ट्रेमध्ये शाडूचा बोटभर जाड थर द्या. त्यावर गेरूची भुकटी पसरा, ती दोन उद्रेकांमधली लाल माती. मग कोळशाची पूड मिसळलेल्या शाडूचा दुसरा थर, पुन्हा गेरू, पुन्हा शाडू, असे सात-आठ थर रचा. मध्ये वेगळ्या रंगाच्या मातीची एक उभी पट्टी खोचा, तो डाइक. आता ओलसर असतानाच सुरीने मधली माती कापून काढा, नदी जशी कापते तशी. दोन-तीन सुळके उभे राहतील. प्रत्येक सुळक्यावरच्या लाल रेषा शेजारच्या सुळक्यावरच्या रेषांशी जुळतील. मुलांना सांगा, हा मलंगगड आणि ही चंदेरी. या प्रतिकृतीत काही उसळत नाही हे खरे. परंतु खिडकीबाहेर पाहिल्यावर ती पडताळून घेता येते. सोड्याच्या शंकूबाबत हे म्हणता येत नाही.

दुसरा उपक्रम खडीचा. बांधकामाजवळच्या खडीतले दहा-वीस तुकडे गोळा करून भिंगाखाली पाहावेत. काही तुकडे अगदी घट्ट व बारीक कणांचे असतील. ते थराच्या मधल्या भागातले. काहींत लहान लहान पोकळ्या असतील. त्या म्हणजे वायूचे अडकलेले बुडबुडे, बहुधा थराच्या वरच्या भागातले. पिठल्याचे आणि गोळी-सोड्याचे उदाहरण येथे हातात धरता येते. काही पोकळ्यांत पांढरी किंवा हिरवट खनिजे भरलेली दिसतील. नंतर झिरपलेल्या पाण्याने भरलेली ही झिओलाइट किंवा गारेच्या जातीची खनिजे. खडीसाठी टेकडीच्या खाणीत मात्र मुलांना नेऊ नये.

तिसरा उपक्रम अंबरनाथच्या शिवमंदिराचा. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर इतिहासाच्या सहलीत दाखवले जाते. तेच विज्ञानाच्या सहलीतही दाखवावे. हे सारे शिल्पकाम याच परिसरातल्या काळ्या दगडात झाले आहे. कोणता दगड घट्ट, कोणता पोकळ्यांचा, बारीक नक्षी कुठे टिकली आणि कुठे झिजली, एवढेच मुलांनी स्पर्श न करता पाहून वहीत नोंदवावे. लाव्हाच्या थंड होण्याचा आणि कारागिराच्या छिन्नीचा संबंध त्यांना आपोआप लक्षात येईल.

शेवटी परीक्षकांना विनंती. यापुढे ज्वालामुखीची प्रतिकृती समोर आली की फेस किती उंच उडाला याला गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत. या प्रतिकृतीत खऱ्या ज्वालामुखीसारखे काय आहे? खऱ्यासारखे काय नाही? आणि आपल्या गावचा डोंगर याच पद्धतीने झाला का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो चांगले देईल त्याला पहिला क्रमांक द्यावा, मग त्याच्या टेबलावर सोड्याचा शंकू असला तरी हरकत नाही. हा बदल लवकर व्हावा असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. घरे, रस्ते आणि खडी यांसाठी या भागातल्या टेकड्या कापल्या जात आहेत. त्यांच्या कड्यांवरच्या आडव्या रेषा वाचू शकणारी मुले तयार झाली, तर त्यांतल्या निदान काही रेषा राखून ठेवाव्यात असे म्हणणारे नागरिकही त्यांच्यातूनच तयार होतील.